दगडूमामांचं ओलं लाकूड

माझ्यावर ज्यांचे सर्वांत जास्त उपकार आहेत, ते तेर गावचे दगडूमामा सुतार महिन्यापूर्वी गेले. शाळेला निघालो होतो, तेवढ्यात त्यांच्या सूनबाई सुनीतावहिनींचा फोन आला. "मामा गेले हो गुरुजी..." एवढंच त्या बोलल्या. एक चप्पल पायात, एक हातात, असा मी किती वेळ दारात बसून राहिलो कोण जाणे.

मामा तुणतुणी करायचे. लाकडाचं पोकळ नळकांडं, त्याच्या बुडाला बकऱ्याचं कातडं, बाजूला दांडी, वर खुंटी. तार मात्र ते कधीच लावत नसत. "ज्याचा गळा त्यानं लावायची," म्हणत वाद्य मुकंच हातात द्यायचे. त्यांना ऐकू कमी यायचं. दुसऱ्यानं वाजवलं की कातड्यावर तळहात टेकवून सूर पारखायचे.

आमचं घर गोंधळ्यांचं. स्वतःचं तुणतुणं असल्याशिवाय मेळात उभं राहायचं नाही, ही घरची रीत. मी बारावी झालो तेव्हा अप्पा, म्हणजे माझे वडील, मला घेऊन मामांकडं गेले. अप्पांचा साथीदार नुकताच मेळ सोडून गेला होता, त्याच्या जागी आता मी उभा राहायचा होतो. मामांनी माझ्याकडं पाहिलं. "तुला काय करायचंय रं?" मी कसंबसं 'कॉलेज' म्हणालो. अप्पांचा चेहरा उतरला. मामांनी एक ओंडका उचलला, नखानं टोकरला आणि म्हणाले, "लाकूड ओलं हाय. वाळाया तीन वरसं लागत्याल. तवर शिकू द्या त्याला."

दर सुट्टीत अप्पा विचारायला जायचे. "दगडूभाऊ, ह्ये लाकूड हाय का म्हैस? कवाचं पाण्यातच बसलंय!"

"मग? म्हशीला घाई करून चालतंय व्हय?"

मी बी.ए. झालो, आमच्या घरातला पहिला. त्याच आठवड्यात तुणतुणं तयार झालं! पुढं आजारपणात अप्पा एकदा म्हणाले, "लाकूड खडखडीत वाळलेलं हुतं. मला काय दिसत न्हवतं?" ...म्हणजे माझ्यासाठी दोघंही तीन वर्षं खोटं बोलत होते.

अप्पा गेले. मी शिक्षक झालो आणि ते तुणतुणं धाराशिवच्या घरी बिनतारेचं टांगून राहिलं. शिकल्या माणसाला गोंधळ गायची लाज वाटत होती, हे आता कबूल करतो. मामा भेटले की एकच शब्द विचारायचे, "तार?" मी म्हणायचो, "लावतो मामा." यंदा ते खाटेला खिळले, हत्यारं सुनीतावहिनींच्या हाती गेली. भेटायला गेलो, तर पुन्हा तेच, "तार?" त्या दिवशी घरी येऊन तुणतुणं भिंतीवरून उतरवलं. मामांच्या हयातीत ते वाद्य बोललं नसतं, तर त्यांनी दिलेली तीन वर्षं मी नुसतीच घेतली असं झालं असतं.

पुढच्याच रविवारी तार आणली. फोनवर त्यांना ऐकू येत नसे, म्हणून पत्र धाडलं. वहिनींनी ते त्यांच्या कानाशी मोठ्यानं वाचलं. "वाचून झाल्यावर कागदावर हात टेकून लई वेळ बसले," त्या म्हणाल्या. त्यानंतर चार दिवसांनी मामा गेले. पत्र वहिनींनी मला परत दिलं. आता ते तुणतुण्याच्या पोकळीतच घडी करून ठेवलेलं असतं. शनिवारी वर्गात वाजवण्याआधी बाहेर काढतो, नाहीतर सूर खरखरतो.

"ती. मामांस सा. न.

तार लावली. पहिली तुटली, दुसरी ढिली पडली, तिसरी बसली. माझा गळाच सापडेना, म्हणून अप्पांचा आठवला तो सूर धरला. काल सातवीच्या वर्गात गायलो. आवाज चिरकला, पोरं हसली. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, 'सर, परत म्हणा की.' परत म्हटलं. आता तिलाही तुणतुणं हवंय. लाकूड वाळलेलं आहे का, वहिनींना विचारून ठेवा.

दिवाळीला घेऊन येतो. ऐकू नाही आलं तरी कातड्यावर हात ठेवा. कळेल.

तुमचा,
ज्ञानू"