आठशे कॅलरीची बाई

जे सांगणार आहे ते माझ्या नवऱ्यालाही माहीत नाही. पाठच्या बहिणीला नाही. देवापुढं हात जोडले तेव्हाही मी ते तोंडातल्या तोंडात फिरवलं आणि गिळलं. आज सांगते. पण रडत-बिडत सांगणार नाही. तशी अपेक्षा असेल तर — राहू द्या, पुढं वाचू नका.

मी मुरुमची. बाजारगल्लीत माझं शिवणाचं दुकान आहे. काही वर्षांपूर्वी माझं वजन एक्याऐंशी किलो होतं, गुडघे धरलेले, साखर काठावर आलेली. कुणीतरी मला मोबाइलवरच्या एका ग्रुपमध्ये घातलं. कच्च्या आहाराचा ग्रुप. गॅसवर चढलेलं काहीही खायचं नाही. काकडी, गाजर, पपई, मोड आलेली मटकी, कोवळी मेथी, बस. ग्रुप चालवणारे एक सर होते, त्यांना मी कधी प्रत्यक्ष पाहिलं नाही. रोज संध्याकाळी ताटाचा फोटो टाकायचा आणि खाली दिवसभराच्या कॅलरींचा आकडा लिहायचा. तेल-तूप तर बंदच, पण शेंगदाणे, तीळ, खोबरं यांनाही सर ‘चोरवाट’ म्हणायचे. कच्चं असलं तरी चरबी ती चरबीच. जिचा आकडा लहान, तिचं कौतुक मोठं.

पहिला महिना अंग हलकं वाटलं. दुसऱ्या महिन्यात कात्री धरलेला हात थरथरायला लागला. एका लग्नातल्या ब्लाउजचा पुढचा गळा मी पाठीवर कापून ठेवला — पंचवीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्या दुपारी ट्रायलच्या पडद्यामागं उभं राहून मी मूठभर भिजवलेले शेंगदाणे खाल्ले. काय चव होती म्हणून सांगू? डोळे आपोआप मिटले. दुसऱ्या दिवशी शेंगदाण्यांबरोबर ओलं खोबरं. मग तीळही. बटणांचा एक डबा रिकामा करून मी त्यात माझा खाऊ ठेवायला लागले.

घरच्या काट्यावर तोलून मी खरी बेरीज करत होते. सोळाशे, कधी सतराशे. आणि ऐका — तरीही वजन उतरत होतं. हळूहळू, पण उतरत होतं. हात थरथरायचा थांबला, झोप लागायला लागली. जे खात होते ते सगळं कच्चंच होतं. भुकेल्या बाईनं दाणे खाल्ले याची मला तेव्हा लाज नव्हती, आजही नाही. ते खाल्ले म्हणूनच मी धड राहिले.

मग लपवलं का?

कारण ग्रुपवर मी आठशे लिहीत होते. ताटात फक्त काकडी-गाजर ठेवून फोटो काढायचा आणि खाली आठशे. सर लिहायचे, बघा, याला म्हणतात निश्चय. कुठल्या-कुठल्या गावच्या बाया मला नमस्कार पाठवायच्या. मला ते आवडत होतं. का खोटं बोलू? फार आवडत होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अंगाची मापं घेतली, माझ्या अंगाकडं कुणी कौतुकानं पाहिलं नव्हतं. पण हे कारण म्हणून सांगत नाहीये. सर आठशेचा आकडा मागत नव्हते, तो मी स्वतःहून दिला.

वर्षभरात मी बासष्टवर आले तशा गावातल्या बाया विचारायला लागल्या. रविवारी दुपारी दुकानात दहा-बारा जणी जमायच्या. मी त्यांना माझं ताट सांगायचे — फोटोतलं ताट. बहुतेक जणी चार दिवस करायच्या आणि पाचव्या दिवशी कुणाच्या बारशाला जाऊन पुऱ्या खायच्या, वर हसत सांगायच्या. त्यांचं काही बिघडलं नाही. मनापासून करणारी एकच निघाली. महानंदा.

महानंदा माझ्याकडं हातशिलाई करायची. तुरपाई, काजं, हूक, साडीचे फॉल. छत्तीस-सदतीस वय, बोलणं कमी, आणि टाका असा बारीक की उलट्या बाजूनंही दिसू नये. नवरा चारचौघांत तिला ‘आमची म्हैस’ म्हणायचा आणि ती सगळ्यांबरोबर हसायची. तिनं माझं ताट जसंच्या तसं उचललं. काकडी मोजून, मटकी मोजून. एक तीळ जास्त नाही.

आता सांगा, मला दिसत नव्हतं का? बाकी कुणाला दिसलं नसेल, पण माझ्या हातात टेप होता. सहा महिन्यांत मी तिचं ब्लाउज तीन वेळा आत घेतलं. तिसऱ्या वेळी टेपखाली बरगड्या लागल्या. तुरपाई केलेल्या कपड्यांत तिचे केस सापडायचे. चैत्राच्या उन्हात ती पायरीवर पदर लपेटून बसायची, थंडी वाजते म्हणायची. पाळी बंद झाल्याचंही तिनं मला सांगितलं, आणि मी काय म्हणाले? वजन उतरताना होतं तसं.

एकदा दुपारी मी पडद्यामागून तोंड पुसत बाहेर आले. ती सुई ओवायला बसली होती, दोरा काही केल्या जाईना. मान वर न करता तिनं विचारलं, “अक्का, तुमाला चक्कर कशी येत न्हाय हो? तुमी बी तेवढंच खाता की.”

दातात खोबऱ्याचा कण होता माझ्या. तो मी जिभेनं काढला आणि म्हणाले, “मन घट्ट लागतं, महानंदा.”

“माझं मनच कच्चं,” ती म्हणाली, आणि पुन्हा दोरा ओवायला लागली.

त्या वेळी सांगता आलं असतं. डबा उघडून दाखवायला कितीसा वेळ लागला असता? नाही दाखवला. तुम्हाला वाटेल हीच माझी कबुली. नाही. अजून पुढं आहे.

त्या उन्हाळ्यात आम्ही सहा-सात जणी क्रुझर गाडी ठरवून येरमाळ्याला येडेश्वरीच्या दर्शनाला गेलो. सकाळी निघताना तिनं दोन काकड्या खाल्ल्या होत्या. मी माझं पोटभर खाऊन निघाले होते. डोंगरावरच्या पायऱ्या मी सगळ्यांच्या पुढं चढत होते, आणि मागं वळून बाकीच्यांना ‘चला, चला’ म्हणत होते. बघा, आठशे कॅलरीची बाई कशी चढते. अर्ध्यावर मागून ओरडा ऐकू आला. महानंदा पडली होती. चार-पाच पायऱ्या घरंगळली, उजवा हात अंगाखाली गेला. मनगट वाकडं झालेलं होतं आणि समोरचा दात ओठात घुसला होता.

दवाखान्यात आत मी एकटीच गेले तिच्याबरोबर. बाकीच्या बाहेर बाकड्यावर होत्या. डॉक्टरांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, आणि विचारलं, “या बाई खातात काय?”

महानंदानं माझ्याकडं पाहिलं. मी तिच्याकडं पाहिलं नाही. मी म्हणाले, “ही ऐकतच नाही, डॉक्टर. मी सगळ्यांना सांगते, दाणे खा, खोबरं खा, अंगात चरबी लागते थोडी. ही खात नाही.”

असं मी म्हणाले. माझ्या तोंडानं. जे तिला कधीच सांगितलं नव्हतं ते सांगितलं म्हणाले, आणि दोष तिच्या अंगावर टाकला — ती खाटेवर आडवी, ओठातून रक्त येतंय, अशा वेळी.

ती थोडा वेळ गप्प होती. मग सुजलेल्या ओठांनी म्हणाली, “व्हय. अक्का लई सांगायच्या. म्याच खाल्ले न्हाईत.”

डॉक्टर तिला रागावले. संध्याकाळी तिचा नवरा आला, त्यालाही डॉक्टरांनी तेच सांगितलं, आणि तो तिला सगळ्या वॉर्डासमोर बोलला. या बाईंनी एवढं सांगूनही तुला अक्कल नाही, म्हणाला. वर त्यानं माझे आभार मानले. मी ते घेतले.

मनगट जुळलं, पण बोटांत पहिल्यासारखी पकड आली नाही. बारीक सुई तिला धरता येत नाही. तिनं माझ्याकडं यायचं सोडलं — भांडून नव्हे, कामच करता येत नाही म्हणून. आता ती भाकरी खाते, भात खाते, अंगानं भरली आहे, केस परत आलेत. शेजारच्या गल्लीत पापड-कुरडयांचं काम करते. आठवडी बाजारात भेटली की “बरं हाय का, अक्का” म्हणते. त्या दिवसाबद्दल एक अक्षर ती कधी बोललेली नाही. नवऱ्याजवळही नाही, नाहीतर तो माझ्या दुकानावर आला असता.

मी ग्रुप सोडला. खरं सांगून नाही. शिवणाचा सीझन आहे म्हणून. रविवारच्या बाया हळूहळू यायच्या थांबल्या.

मी आजही बहुतेक कच्चंच खाते. दाणे, खोबरं, तीळ सगळं उघड्यावर, गिऱ्हाइकांसमोर. साखर आटोक्यात आहे, गुडघे दुखत नाहीत. हे बोलल्यावर तुम्हाला माझा राग येईल. येऊ द्या. मी ग्रुपला दोष देणार नाही, त्या सरांना देणार नाही. मलाही फसवलं होतं असं म्हणणं किती सोपं आहे, नाही? मला कुणी फसवलं नव्हतं. खरी बेरीज माझ्याजवळ रोज होती.

आणि महानंदानं मला वाचवलं असंही कुणी म्हणू नका. तिनं ‘व्हय’ म्हणायच्या आधी जी शांतता होती ना — तेवढ्यात मी तयार झाले होते. ती खरं बोलली असती तर डॉक्टरांना काय सांगायचं, ते माझं ठरलेलं होतं. पडल्यामुळं तिला भान नाही, काहीही बडबडतेय.

वाक्य जिभेवर होतं. बोलावं लागलं नाही, एवढंच.