न मागता मिळालेली क्षमा

ईस्टरच्या लिलींचा वास आला की अमेरिकेतल्या रेडमंडचं आमचं चर्च आठवतं. त्या हिवाळ्यात, पावसात, माझ्या भावाच्या गाडीखाली येऊन चर्चच्या मंडळीतलेच एक काका गेले होते. आईच्या हट्टापायी आम्ही ईस्टरला गेलो आणि शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसलो. उपासनेत एकमेकांचा हात धरून ‘शांती असो’ म्हणण्याची वेळ आली, तशा त्या काकांच्या बायको, काकू, उठून थेट आमच्याकडे आल्या. भावाचे हात हातात घेऊन म्हणाल्या, “किती वाळलास रे! आज सगळे घरी जेवायला या.” भाऊ ढसाढसा रडला. मला मात्र शरमेनं वर बघवेना. ‘पाऊस होता, काकाच मध्ये आले,’ हे उत्तर मी त्यांच्यासाठी कित्येक दिवस घोकून ठेवलं होतं. त्यांनी काही विचारलंच नाही. देवाच्या कृपेवर प्रवचन सुरू झालं की आजही माझी मान खाली जाते.