माहेरच्या पाण्याने सासरी

जिंतूरकडच्या डोंगरात कयाक चालवायला निघालेय, असं सांगितल्यावर पुण्यातल्या आमच्या ग्रुपने मला वेड्यात काढलं. परभणी म्हटलं की यांना फक्त ऊन आठवतं. पण वडिलांच्या गावाजवळून एक ओढा निघतो, जंगलातून घसरत-उसळत खाली आत्याच्या सासरी जातो आणि भाद्रपदात झड लागली की चार दिवस नुसता पांढरा फेस होऊन धावतो. चुलतभाऊ गजाननने व्हिडिओ पाठवला, "ताई, पानी आलंय. यायचं तर आताच ये." निघालेच.

पुण्याहून परभणीला रेल्वे, पुढे जिंतूरला एसटी. त्यानंतरच्या गाड्या मोजक्या, चुकली तर जीप बघायची. आमची हवेची दोघांची कयाक घडी करून पिशवीत मावते, तरी कंडक्टर तिच्याकडे संशयाने बघतच होता. जिंतूरच्या स्टँडवर गरम भजी आणि तळलेली मिरची चुकवू नका. वेळ असेल तर चारठाण्याची जुनी देवळंही बघा. मी नाही बघितली, पाणी ओसरेल या धास्तीने सुसाट सुटले होते.

सोबत येणाऱ्या मैत्रिणीची रजा ऐनवेळी नामंजूर झाली, म्हणजे पुढची जागा रिकामी. गजाननच्या अंगणात मी कयाकमध्ये हवा भरत होते, तेव्हा माहेरपणाला आलेली आत्या बाजूला येऊन बसली. तिला पोहायला शिकवलं ते वाळक्या भोपळ्यांच्या सांगडीने. कयाकला हात लावून म्हणाली, "सांगडच हाय की ही, रबराची. म्होरं मी बसते."

आम्ही हसलो. ती हसली नाही.

आजी गेली तेव्हा आत्या पोचू शकली नव्हती. रस्त्याने सासर ते माहेर म्हणजे अख्ख्या डोंगराला वळसा आणि जिंतूरला गाडी बदलायची. ती आली तोवर माणसं स्मशानातून परतली होती. "मला बगायचंय," आत्या म्हणाली, "ह्या ओढ्यानं किती लांब हाय माजं माहेर."

दुपारी मी काठाने चालत पूर्ण ओढा बघून आले. अनोळखी पाण्यात हे केल्याशिवाय उतरू नये, तुम्हीही उतरू नका. एकच उतार जपून घ्यायचा होता, बाकीचं पाणी प्रेमळ होतं. पण चालून दमायच्या आतच समोर आत्याच्या गावातल्या देवळाचा कळस दिसला आणि मी हबकले. इतकं जवळ! तिने हे बघितलं तर? इतकी वर्षं एसटीला दोष देऊन स्वतःची कशीबशी समजूत घातली होती तिने. मला ही सफरच नकोशी झाली. पण अंबाडीची भाजी आणि भाकरी वाढताना आत्या इतकी खुशीत होती की माझ्याच्याने बोलवेना.

सकाळी नऊवारीचा कासोटा, त्यावर लाइफ जॅकेट आणि हेल्मेट घालून आत्या ऐटीत बसली. दोन्ही काठांवर साग, मध्येच पळसाची गर्दी, पानांतून गळणारा हिरवा उजेड. आपण जातोय की झाडंच मागे सरकतायत, कळत नव्हतं. मोठ्या उतारावर गजानन दोर घेऊन उभा होता. कयाकचं नाक खाली गेलं, पाणी छातीवर आदळलं आणि आत्या लहान मुलीसारखी किंचाळली. मला तर तिथेच तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

त्यानंतर मी चोरासारखं वागायला लागले. दिसेल त्या डोहात कयाक वळवायची, उगाच थांबायचं, खंड्या दाखवायचा. संथ पाण्यात आम्ही गोल गोल फिरत होतो आणि ढगही आमच्याबरोबर फिरत होते. असंच फिरत राहिलो तर कळस येणारच नाही, असं मला खरंच वाटायला लागलं.

"कामून थांबायलीस सारखी?"

"हात दुखतोय, आत्या."

"उगं लांबवू नगंस, पोरी. जवळ हाय. ठाऊक हाय मला. मेंढरंवाले यायचे की ह्याच वाटंनं."

"मग आजी गेली त्या दिवशी?"

"सांगावा सकाळीच आला व्हता. सासूबाई म्हनल्या, मानसं रानातून घरी येऊ दे, मंग इचारून जा. बसले वाट बगत." तिने ओंजळीत पाणी घेतलं आणि सोडून दिलं. "लांब न्हवतं गं. मला सोडलं न्हाई."

मला रडू आलं. वल्हं मांडीवर ठेवलं आणि कयाक पाण्यावर सोडून दिली. देवळाखालच्या घाटावर धुणं धुणाऱ्या बायका आत्याला बघून ओरडायला लागल्या. तिने हात वर केला.

पुण्यात येऊन पंधरा दिवस झाले. कयाक बाल्कनीत वाळून कडक झाली, खांदाही दुखायचा थांबला. फोटो विचारू नका, फोन पिशवीतच होता. ऑफिसात मीटिंग चालू असताना मध्येच तो हिरवा उजेड डोळ्यांसमोर येतो आणि कोणीतरी माझं नाव दोनदा घेतं.

काल गजाननचा फोन आला. पाणी ओसरलंय आणि आत्या ओढ्याच्या काठाने चालत आलीय, एकटी. मी तिला फोनवर बोलावलं.

"आत्या, घरी विचारून आलीस ना?"

"इचारायचं कशाला?" ती म्हणाली. "जवळच तर हाय."