कूलरसमोरचं अँथुरियम

मागच्या उन्हाळ्यात राजपुऱ्यातल्या आमच्या घरी कूलरसमोरची जागा माझ्या अँथुरियमची होती. मखमली पानांच्या या दुर्मीळ झाडाला दमट हवा लागते असं वाचल्यापासून मी घरच्यांना उकाड्यात बसवलं होतं.

एका दुपारी सासरे आले. घाम पुसत म्हणाले, "जावईबापू, हा कूलर कोणासाठी?"

मी झाडाची नाजूक प्रकृती समजावून सांगितली. त्यांनी निमूटपणे खुर्ची उचलली आणि झाडाशेजारी जाऊन बसले.

"बाबा, पानाला हात लावू नका," बायको म्हणाली, "नाहीतर हे जेवणार नाहीत."

पुढे नवं पान फुटलं तेव्हा मी गल्लीत पेढे वाटले. शेजारचे केळीचे व्यापारी कौतुकाने म्हणाले, "मुलगा की मुलगी?"

"पान," मी म्हणालो.

ते पेढा चावायचे थांबले.