खलास
स्पिरिटचा वास आला की मस्कतमधल्या आमच्या कॉलेजची प्रयोगशाळा आठवते. फीमाफीच्या बदल्यात तिथे आम्ही दोघं काचनळ्या धुवायचो. इतक्या, की त्यांतून अख्ख्या ओमानला चहा पाजता आला असता. मी कोकणातून नुकताच बापाकडे आलेला, ती तिथेच वाढलेली, मराठी अडखळत बोलणारी. त्या दिवशी तिच्या बाबांचं ऑपरेशन होतं, पण काम चुकलं तर फीमाफी जाईल म्हणून ती हॉस्पिटलात गेली नव्हती. बाहेर ऊन असं, की खजुराची सावलीसुद्धा करपत होती. दुपारी फोन वाजला. तिने घेतला, ऐकला आणि हसत परतली. “बाबांच्या वर्कशॉपमधले अंकल होते. म्हणाले, बाबा खलास झाले. ऑपरेशन संपलं रे! अंकल तर खुशीने रडत होते.” अरबीत खलास म्हणजे झालं, आटोपलं. पण अंकल रत्नागिरीचे, आणि ते मराठीत बोलले होते. “यल्ला, एवढ्या धुऊ आणि जाऊ,” ती म्हणाली. मी तिच्या हातातली नळी काढून घेतली. “का रे, काय झालं?” तिने विचारलं. माझ्या थापांना तोड नाही, असं लोक आजही म्हणतात. त्या दुपारी मात्र मला एकही सुचली नाही.