झुलालने बंद केलेला टॉवर

धुळ्यात कचेरीसमोर माझी टायपिंगची टपरी आहे. पस्तीस वर्षं मी लोकांचे अर्ज टाईप करतो. सातबारावरचं नाव, जातीचा दाखला, बंद पडलेली पेन्शन, बांधाचं भांडण. अर्जदार समोर उभा राहिला की काय लिहायचं ते मला बहुतेक वेळा आधीच कळतं. झुलाल बोरसे आला त्या दिवशी मात्र कळलं नाही.

उंच, सडपातळ, पंचेचाळिशीचा माणूस. तळहात तेवढे जाड, घट्टे पडलेले. म्हणाला, "भाऊ, दिल्लीला अर्ज पाठवायचा आहे. दोन मोबाईल कंपन्यांना एक होऊ देऊ नका, असं लिहायचं."

"तुमचा काय संबंध? दुकान आहे का मोबाईलचं?"

"नाही. टॉवरवर कामाला होतो. मागच्या वेळी कंपन्या एक झाल्या, तेव्हा आमच्याकडचा टॉवर मीच बंद केला."

पुढे तो धुळ्यातच, देवपूरला, माझ्याच गल्लीत राहायला आला, म्हणून त्याची सगळी हकीकत मला कळली. ती अशी.

झुलाल शिंदखेडा तालुक्यातल्या पिंपरटेकचा. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन. गावाला लागून लांबलचक टेकडी आहे, तिच्यामुळे कुठल्याच कंपनीची रेंज गावात यायची नाही. विसेक वर्षांपूर्वी एका कंपनीने गावात टॉवर उभारला. तिच्या पाटीचा रंग हिरवा, म्हणून लोक तिला हिरवी कंपनी म्हणत. जागा दिली गावातल्याच पुना आबांनी, आपल्या मिरचीच्या खळ्याशेजारची. देखभालीला कंपनीने झुलालला घेतलं. हळूहळू त्याच्याकडे चौदा टॉवर आले. बॅटऱ्या तपासायच्या, जनरेटरमध्ये डिझेल भरायचं, वाऱ्याने अँटेना हलला की वर चढून सरळ करायचा. चाळीस मीटर उंचीवर तो पट्टा लावून उभा राहायचा आणि तिथून त्याला तापीपर्यंतचा मुलूख दिसायचा. त्या कामाचा त्याला अभिमान होता.

टेकडीच्या पलीकडच्या गावात दुसऱ्या कंपनीचा टॉवर होता. ही जांभळी. दोघींची चढाओढ अशी होती की पिंपरटेकचा टॉवर तासभर बंद पडला तरी झुलालला धुळ्याहून फोन यायचा. "लवकर चालू कर, नाहीतर आसपासचे लोक जांभळं कार्ड घेतील." जांभळी कंपनीसुद्धा टेकडीच्या अलीकडे टॉवर टाकण्यासाठी दोनदा जागा पाहून गेली होती.

मग एका उन्हाळ्यात बातमी आली की हिरवी कंपनी तोट्यात आहे आणि ती जांभळीत जाणार. दिल्लीची मंजुरी बाकी होती. एवढ्या मोठ्या दोन कंपन्या एक झाल्या तर गिऱ्हाइकाचं नुकसान होईल का, हे पाहून तिथलं कार्यालय हो किंवा नाही म्हणणार होतं. लोकांचं म्हणणंही मागवलं होतं.

झुलालचे साहेब होते योगेंद्र महाजन. धुळ्याच्या ऑफिसात बसायचे. त्यांनी सगळ्या टॉवरवाल्यांना बोलावून छापील कागद वाटले. "विलीनीकरणामुळे ग्रामीण भागात सेवा सुधारेल, आमचा पाठिंबा आहे," असा मजकूर आणि खाली सह्यांसाठी रेघा.

"गावोगावच्या सह्या आणायच्या," ते म्हणाले. "मंजुरी मिळाली नाही तर आपली कंपनी सहा महिन्यांत बसली म्हणून समजा. मग सगळेच टॉवर जातील आणि आपणही जाऊ."

साहेब खोटं बोलत नव्हते. त्यांनाही तसंच वाटत होतं. झुलालने गावात घरोघरी फिरून एकशे बारा सह्या घेतल्या. पहिली सही पुना आबांची. ते खळ्यात मिरची पसरत होते.

"काय लिख्यं शे रे कागदमा?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही कंपन्या एक व्हई रायन्यात आबा. आपली रेंज आखो चांगली व्हई."

"तू सांगस ना? मंग आन पेन."

आबांनी धोतराला हात पुसले आणि सावकाश, एकेक अक्षर जोडत नाव लिहिलं. कागद वाचून दाखवावा हे झुलालच्या मनातही आलं नाही, आणि आबांनीही म्हटलं नाही.

त्या हिवाळ्यात मंजुरी मिळाली. अटी होत्या. राज्यातलं ग्रामीण भागाचं एकूण जाळं कमी होता कामा नये, ही त्यातली एक. झुलालने ती वर्तमानपत्रात वाचली आणि निश्चिंत झाला.

दीड महिन्याने ऑफिसातून यादी आली. तिचं नाव 'दुबार टॉवर'. हिरव्या आणि जांभळ्या कंपनीचे टॉवर एकमेकांपासून तीन किलोमीटरच्या आत असतील तर त्यातला एक बंद करायचा. झुलालच्या चौदांपैकी पाच नावं यादीत होती. त्यात पिंपरटेक होतं. पलीकडच्या टॉवरपासून सरळ रेषेत अंतर दोन किलोमीटर सहाशे मीटर.

तो त्याच दिवशी धुळ्याला गेला. "साहेब, मध्ये टेकडी आहे. पलीकडचा टॉवर गावात पोचत नाही."

योगेंद्र साहेबांनी संगणकावर नकाशा उघडला. रेंजचा भाग जांभळा रंगवलेला होता आणि पिंपरटेक पूर्ण जांभळ्यात बुडालेलं होतं. "इथे तर पोचते म्हणतात."

"नकाशावर पोचते. तुम्ही चला माझ्याबरोबर, फोन लावून बघा."

"झुलाल, यादी मुंबईहून आलीय. मी तुझं म्हणणं वर कळवतो. तोवर बंद करायची तारीख चुकवू नकोस. अर्धे टेक्निशियन कमी करणार आहेत, माहीत आहे ना?"

साहेबांनी खरोखर कळवलं. वरून उत्तर आलं नाही. तारीख आली. झुलालने आबांच्या खळ्याशेजारचं फाटक उघडलं, खोलीतली स्विचं एकामागून एक पाडली, पंख्यांचा आवाज थांबेपर्यंत उभा राहिला आणि कुलूप लावून बाहेर आला. आबा तिथेच होते. त्यांनी विचारलं, "कधी चालू व्हई?" झुलाल म्हणाला, "पंधरा दिनमा." हे तो स्वतःच्या मनाने बोलला. त्याला तसं कोणीच सांगितलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात माणसं आली आणि टॉवरचा सांगाडाही उतरवून घेऊन गेली. गावाला फोन करायचा तर टेकडी चढून अर्ध्यावरच्या खडकापर्यंत जावं लागे. लोकांनी जांभळ्या कंपनीकडे तक्रारी केल्या. पण आता कार्ड बदलायची भीती घालायला दुसरी कंपनीच नव्हती. तिसरी एक होती, तिचा जवळचा टॉवर बारा किलोमीटरवर.

वर्षभराने, फेब्रुवारीतल्या एका दुपारी पुना आबा खळ्यात मिरची भरता भरता खाली बसले. तोंड वाकडं झालं, उजवा हात उचलेना. त्यांच्या बायकोने, कुंदाबाईंनी, घरातून मोबाईल आणला आणि रुग्णवाहिकेचा नंबर लावला. लागला नाही. त्यांनी पुन्हा लावला, अंगणात जाऊन लावला, ओट्यावर चढून लावला. शेवटी शेजारचा एक माणूस मोटारसायकलने टेकडीकडे गेला, खडकावर चढला आणि तिथून त्याने फोन केला. गाडी निघाली, पण गावाचा फाटा चुकली. विचारायला ड्रायव्हरने त्याच नंबरवर फोन केला, तेव्हा तो माणूस खाली गावात परतला होता. धुळ्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत साडेतीन तास गेले होते. आबा दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. डॉक्टर म्हणाले, तासाभरात आणलं असतं तर कदाचित वाचले असते. कदाचित.

झुलाल अंत्यविधीला गेला. दहाव्यालाही गेला. कुंदाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्याला पाहून त्यांनी विचारलं, "मी कितला येळा फोन लाया रे झुलाल. लागनाच नही. टावर तू बंद कया व्हता का?"

"हा अक्का. मीच कया."

झुलाल मला म्हणाला, "शिव्या दिल्या असत्या तर मला उठून जाता आलं असतं. मी तसाच बसलो. जेवणाची पंगत उठली तरी बसलो होतो."

एप्रिलमध्ये त्याची नोकरी गेली. योगेंद्र साहेबांचीही गेली, ते पुण्याला मुलाकडे निघून गेले. झुलालने दिल्लीच्या कार्यालयाला रजिस्टरने पत्र पाठवलं. चार महिन्यांनी उत्तर आलं, ते त्याने मला दाखवलं. सभ्य भाषेतलं, दीड पानी. मंजुरी देताना संपूर्ण राज्य एक क्षेत्र मानून विचार केला होता, राज्यातल्या ग्रामीण जाळ्याची टक्केवारी अटीपेक्षा जास्तच आहे, एखाद्या टॉवरची तक्रार कंपनीकडे करावी. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं.

मग मागच्या वर्षी बातमी आली की जांभळी कंपनी तिसरीबरोबर एक होणार. पुन्हा लोकांचं म्हणणं मागवलं. म्हणून तो माझ्या टपरीत आला होता. आम्ही दोन दिवस बसून अर्ज केला. मंजुरी देऊच नये, आणि दिलीच तर राज्याचा हिशेब न धरता गावागावाचा धरावा, टॉवर बंद करण्याआधी गावात येऊन फोन लावून पाहावा, एवढंच मागणं होतं. पुना आबांची हकीकत त्यात पाच ओळींत लिहिली. मी ती टाईप केली तेव्हा झुलाल रस्त्याकडे तोंड करून उभा होता.

अर्ज घेऊन तो पिंपरटेकला सह्यांसाठी गेला. फार कोणी दिल्या नाहीत. एकजण म्हणाला, "मांगल्या सह्यासनं काय व्हयनं?" शेवटी तो कुंदाबाईंकडे गेला.

"बठ्ठं वाच," त्या म्हणाल्या.

त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. आबांच्या पाच ओळीही वाचल्या. त्या डोळे मिटून ऐकत होत्या.

"खरं लिख्यं शे," त्या म्हणाल्या. "पन मी सही करस नही. त्यासनी तुन्हावर भरोसा ठेईसन सही कयी व्हती. मन्ही मन्हाजोडे राहू दे."

एकूण नऊ सह्या मिळाल्या. अर्ज पोस्टाने गेला. पोच आली, तिच्यावर क्रमांक होता. सात महिन्यांनी मंजुरी मिळाल्याचं वर्तमानपत्रात आलं, यावेळी अटी थोड्या जास्त. गावाचा हिशेब धरावा, अशी त्यात नव्हती. बातमी मी आधी वाचली होती, पण त्याला सांगायला गेलो नाही. संध्याकाळी तोच आला, पेपर हातात होता.

"आपला अर्ज कोणी वाचला असेल का हो?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "वाचला असेल." पस्तीस वर्षं मी लोकांना हेच सांगत आलो आहे.

झुलाल आता धुळ्यात दुकानांवर कॅमेरे बसवतो. शिडीवर चढायला माणूस लागला की त्याला बोलावतात. पिंपरटेकला तो जात नाही. त्याची बहीण गावातच दिलेली आहे, तीच सणाला भेटायला येते. तिच्याकडून कळलं, यंदा शाळेतल्या मुलांचे ऑनलाइन फॉर्म मोबाईलवरून भरायला मास्तर सगळ्यांना घेऊन टेकडीवर गेले होते. उन्हात दोन तास बसले, आणि बावीसपैकी चौदा जणांचे भरून झाले.