थोरलीचा शुक्रवार

तुम्हा दोघांना हे आठवायचं नाही. मधला तेव्हा सात वर्षांचा होता आणि धाकटी फोनला तोंड लावून नुसता श्वास घ्यायची. थोरलीच्या लाटांच्या फळीविषयी तुमच्या घरात पुष्कळ बोललं जातं, पण त्यातला माझा भाग कुणी नीट सांगत नाही. तो फारसा चांगला नाही, म्हणून मीच लिहून ठेवते.

तुमचे आजोबा जाऊन तीन वर्षं झाली होती. ते गेल्यावर वर्षभरात तुमची आई तुम्हाला घेऊन इस्रायलला, समुद्राकाठच्या त्या गावात राहायला गेली होती. अंबरनाथच्या फ्लॅटमध्ये मी एकटी. शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवल्यामुळे असेल, पण वेळापत्रक नसलं की मला दिवस अंगावर येतो. त्यातल्या त्यात शुक्रवार भरलेला असे. सकाळी झाडलोट, अकराला मासळी, मनुका भिजत घालून शब्बाथचं सरबत, चारला आंघोळ, साडेपाचला तुमचा फोन, आणि सूर्य बुडून शब्बाथ, आपला शनिवारचा विसाव्याचा दिवस, लागायच्या आत पेल्यात तेल घालून दिवे. फोनसाठी मी भिंतीवर दुसरं घड्याळ लावलं होतं, तुमच्या वेळेचं. ते आणायला उल्हासनगरला गेले तेव्हा सिंधी दुकानदार म्हणाला, "दो दो घडी? आपके घर में टाइम दो है क्या, माँजी?" मी म्हटलं, हो, दोनच आहेत.

साडेपाचला, म्हणजे तुमच्याकडे भर दुपारी, घरातल्या प्रत्येकाने ओळीने माझ्याशी बोलायचं, हा नियम मीच घालून दिला होता. आधी जावईबापू, मग मधला, मग धाकटीचा श्वास, मग तुमची आई. थोरली सगळ्यात शेवटी, कारण तिला पाच मिनिटं पुरत नसत.

ती पंधराची होती. लाटेवर फळी टाकून तीवर उभं राहायचा हा खेळ, त्याला सर्फिंग म्हणतात, हे मला तिच्याकडूनच कळलं. तिचं मराठी तिथे राहून वाकडंतिकडं झालं होतं.

"आजी, मी पाणीमध्ये बसते."

"पाण्यात."

"पाण्यात. एक तास बसते. मग पाच सेकंद उभी राहते. मग पडते."

"मग त्यात मजा ती काय?"

"बसण्यात! लाट आपली नसते ना. ती तिची येते. मागे धावलं की मिळत नाही. आपण फक्त समुद्राकडे तोंड करून तयार राहायचं."

मला आपल्या इथल्या शनिवारची आठवण झाली. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. एकेक कुटुंब इस्रायलला जात गेलं तसतसे अंबरनाथमध्ये दहा जमेनासे झाले. आम्ही कुणाच्या तरी बाहेरच्या खोलीत खुर्च्या मांडून बसायचो आणि जिन्यात पावलं वाजली की सगळ्यांच्या माना वळायच्या. हे तिला सांगितलं.

"आणि दहावा आला नाही तर?"

"तर जे एकट्याने म्हणता येतं तेवढं म्हणायचं आणि घरी जायचं."

"सेम टू सेम, आजी. लाट आली नाही तर आम्ही पण पाय हलवत बसतो." मग म्हणाली, "मी तिकडे शेमाची प्रार्थना म्हणते."

"डोळ्यांवर हात ठेवून ना?"

"डोळे झाकले तर लाट डोक्यावर येईल! एक झाकते, एक उघडा. देवाला चालतो ना?"

मी इतकी हसले की शेजारच्या सिस्टर दार वाजवून विचारायला आल्या, टीचर, ठीक आहात ना? सिस्टर म्हणजे समोरच्या फ्लॅटमधल्या निवृत्त नर्स. आम्ही दोघी एकमेकींना अजून नोकरीच्याच नावाने हाक मारतो.

पुढच्या शुक्रवारी तुमच्या आईने आवाज खाली आणला. "आई, ही शनिवारी सकाळी समुद्रावर जाते. हे मशिदीत जातात आणि पोरगी फळी काखेत मारून बसस्टॉपकडे. लोक बघतात." (तुमची आई आपल्या जुन्या माणसांसारखी सिनेगॉगला, आपल्या प्रार्थनाघराला, अजून मशीदच म्हणते.) "तूच सांग. आमचं ऐकत नाही. ती म्हणते, आजी म्हणेल ते."

आजी म्हणेल ते. मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही.

तिला फोनवर बोलावून मी एका दमात निकाल दिला. "शब्बाथला नाही. ओझं वाहायचं नाही, ओले कपडे पिळायचे नाहीत, आणि तू ते दोन्ही करतेस. इतर दिवशी खुशाल जा. रविवार आहे की."

मग, "बरं, आजी."

मी इतकी ठाम का होते ते सांगते. माझ्या वडिलांच्या गावी, अलिबागकडे, आपला तेलाचा घाणा होता. शनिवारी बैल सोडलेला असायचा, म्हणून गाव आपल्याला शनवार तेली म्हणे. तुमच्या आजोबांच्या फॅक्टरीत शनिवार कामाचा. ते रविवारची ड्यूटी अंगावर घेऊन शनिवार मोकळा मागत. हाताखालची माणसं विचारायची, "साहेब, तुमचा देव रविवारी भेटत नाही काय?" आजोबा ते हसून सांगत, पण मागायचं पुन्हा दर महिन्याला असे. शनिवार आम्ही असा मागून मागून मिळवला. रविवार मात्र कॅलेंडरात लाल छापलेला, आयता. तो कुणाला नसेल असं माझ्या मनातच आलं नाही.

आणि दुसरं कारण, जे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. मला समुद्राची भीती वाटते. आपले पूर्वज जहाज फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले, सात बायका आणि सात पुरुष तेवढे वाचले, बाकीच्यांना तिथेच मातीत ठेवलं, हे मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलं की घोट्यापुढे पाण्यात मी कधी गेले नाही. नियम खरा होता. पण तो सांगताना माझ्या आवाजात जो जोर होता, तो भीतीचा होता.

पुढच्या शुक्रवारपासून थोरली फोनवर येऊन "कशी आहेस? शब्बाथ शालोम," एवढंच म्हणायची. फळी कशी आहे विचारलं तर म्हणे, "बरी आहे." मग तेही थांबलं. ती आंघोळीला गेलेली असे, झोपलेली असे. तुमची आई म्हणायची, वयच तसं आहे. फोन पाच मिनिटं आधी संपू लागला. दिवे लावायला अजून वेळ असायचा आणि त्या वेळाचं काय करायचं हे मला कळेना. मी धुतलेले पेले पुन्हा धुवायची.

असे तीन महिने गेले आणि नव्याचा सण आला. नव्या वर्षी वाहत्या पाण्याशी जाऊन वर्षभराच्या चुका पाण्यात टाकायच्या, ही आपली रीत. पूर्वी आम्ही दहा-बारा कुटुंबं मिळून जायचो. अंबरनाथची वालधुनी रंगाच्या कारखान्यांमुळे रोज वेगळ्या रंगाची वाहते, तिच्यात चुका टाकल्या तर रंगून परत येतील, असं आजोबा म्हणायचे. म्हणून बदलापूरला उल्हास नदीवर जायचं. सणाचे दोन दिवस मी वाहनात बसत नाही. तिसऱ्या दिवशी रिक्षा केली. सोबत कोण, तर सिस्टर. त्या बौद्ध, त्यांचा या रिवाजाशी संबंध नाही, पण म्हणाल्या, "एकट्या कशा जाल? पाय घसरला तर चुकांबरोबर तुम्ही पण जाल."

नदी संथ होती. पुस्तकातलं वाचून झाल्यावर मी पदर झटकला आणि उभी राहिले.

"झालं?" सिस्टर म्हणाल्या. "काय काय टाकलंत?"

"ते सांगायचं नसतं."

"बरं. नात बोलते का आता?"

"नाही."

"रविवारी जाते ना समुद्रावर?"

"जात असेल."

"विचारलं नाही?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "कमाल आहे, टीचर. पेपर तुम्ही काढला, उत्तर तुम्हीच लिहिलंत, आणि मार्क पण देऊन मोकळ्या!"

घरी आल्यावर शुक्रवारची वाट न बघता फोन लावला.

"रविवारी?" तुमची आई म्हणाली. "आई, इथे रविवार म्हणजे तुमचा सोमवार. शाळा असते."

हे मला माहीत होतं. तुम्ही गेलात त्याच वर्षी तुमच्या आईने पत्रात लिहिलं होतं. माहीत होतं आणि तरी ध्यानात आलं नव्हतं.

"मग ती जाते कधी?"

"जात नाही. फळी पलंगाखाली आहे. रोज शाळा आणि क्लास करून येईपर्यंत अंधार पडायला येतो."

"शुक्रवारी शाळा लवकर सुटते ना?"

तुमची आई म्हणाली, "शुक्रवारी दुपारी तुझा फोन असतो ना, आई. सगळ्यांनी घरी थांबायचं. तुझाच नियम."

भिंतीवरच्या तुमच्या घड्याळात तेव्हा दुपार होती. जे पोरीला हवं होतं, ते शब्बाथला धक्का न लावता मिळण्यासारखा आठवड्यात एकच वेळ होता, आणि त्यावर मी बसले होते.

मी वेळ बदलून बघितली नाही असं नाही. पण इतर दिवशी तुमच्या आईची हॉस्पिटलची पाळी, जावईबापू उशिरा येणार, थोरलीचे क्लास. मी वेळापत्रकं करण्यात आयुष्य घालवलं आहे. कागदावर चौकोन आखले तेव्हाच दिसलं की सगळे सापडतात तो शुक्रवारच, आणि त्यातून थोरली वगळावी लागेल.

शुक्रवारी मी तिला बोलावून घ्यायला सांगितलं. आली.

"ऐक. माझं चुकलं. रविवारचं मी न विचारता बोलले. आणि मला समुद्राची भीती वाटते, तेही त्यात होतं."

"तुला? भीती?"

"फार. तेव्हा आता असं कर. शुक्रवारी शाळेतून आलीस की जेव आणि जा. दिवे लागायच्या आत घरी."

"आणि तुझा फोन?"

"फोनला बाकीचे आहेत."

मग तिच्या त्या मराठीत म्हणाली, "पण मग मी तुझ्याशी बोलणार नाही, आजी." तिला म्हणायचं होतं, बोलणं होणार नाही.

"चालेल," मी म्हटलं. शाळेत बोलावं तसं, स्वच्छ आवाजात.

हिवाळ्यात तिकडे लाटा मोठ्या असतात. पहिल्या दोन-तीन शुक्रवारी माझा फोन येण्याआधीच ती निघून गेलेली असे. मधला मला सांगायचा, ताई गेली. मी विचारायची, गरम कपडे घेतले का, तर त्याला माहीत नसायचं. त्या पाच मिनिटांत मी खिडकीशी बसायला शिकले. तिने सांगितलं होतं तसं, मागे न धावता. मला ते अजून नीट जमत नाही. जिन्यात पावलं वाजली की मान वळतेच.

एका शुक्रवारी तिला उशीर झाला होता. मी मधल्याशी बोलत होते, तो दाराजवळ उभा असावा. मागून तुमच्या आईचा आवाज, "टॉवेल?" आणि थोरलीचा, "घेतला." मग फळी जमिनीवर ठेवल्याचा ठक्क आवाज. मला कळेना, निघाली होती तर खाली का ठेवली? मग उमगलं. तुमच्या दाराच्या चौकटीवर मेझुझाची डबी आहे, आत शेमा लिहिलेली. जाता-येता तिला बोटं लावून ओठांशी न्यायची, आणि फळीला तर दोन्ही हात लागतात.

मधला बोलत होता, मी त्याला थांब म्हटलं. पलीकडे क्षणभर काहीच नव्हतं. मग फळी उचलल्याचा आवाज, आणि दार.

"आजी, तू आहेस ना?" मधल्याने विचारलं.

"आहे," मी म्हटलं. "बोल. शाळेत काय झालं?"